चाळिसातले चोवीस तास कोणाचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर चौकटीतल्या लहान जाहिराती दिसू लागतात. 'तासिका तत्त्वावर प्राध्यापक पाहिजेत' असा मथळा, खाली विषयांची यादी, 'शैक्षणिक पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार' अशी एक ओळ आणि शेवटी 'उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने हजर राहावे' ही सूचना, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका लहान महाविद्यालयात ३१ वर्षे अर्थशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि त्यांतील अखेरची ३ वर्षे प्रभारी प्राचार्य या नात्याने अशा जाहिरातींचा मजकूर मीच लिहून देत असे. या पत्रात जी तक्रार मांडणार आहे, तिचा काही भाग माझ्याच सहीने घडलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

जाहिरातीतील 'नियमांनुसार' या एका शब्दात बरेच काही सामावलेले आहे. आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळालेली असावी लागते आणि तो नेट किंवा सेट ही अनुक्रमे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरील अध्यापक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावा लागतो. विहित पद्धतीने पीएच.डी. केलेल्यांना त्या परीक्षेतून सूट आहे. ही अट तासिका तत्त्वावरील अध्यापकालाही लागू आहे. पात्रतेच्या या आग्रहाविरुद्ध मला काहीही म्हणायचे नाही. १९ सप्टेंबर १९९१ पासून नेट-सेट अनिवार्य झाल्यानंतरच्या पिढीतली मी आहे. सेट उत्तीर्ण होईपर्यंत दरवर्षी तात्पुरत्या मान्यतेवर दिवस काढले आहेत आणि त्या परीक्षेच्या निमित्ताने जेवढे अर्थशास्त्र वाचले, तेवढे एम.ए. करताना वाचले नव्हते, हेही प्रांजळपणे मान्य करते. माझा आक्षेप वेगळा आहे. अध्यापक कोण होऊ शकतो याचा विचार आपण अतिशय बारकाईने केला आहे. तो झाल्यावर त्याने महाविद्यालयात नेमके काय करायचे आणि त्यातले किती काम आपण मोजणार, याचा विचार मात्र निम्म्यावर सोडून दिला आहे.

वास्तविक हा विचारही त्याच विनियमांत आहे. पूर्णवेळ अध्यापकाने आठवड्याला किमान ४० तास काम करावे, रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावे आणि सहायक प्राध्यापकाने त्यांपैकी १६ तास प्रत्यक्ष वर्गात शिकवावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. चाळिसातून सोळा वजा केले की चोवीस उरतात. या चोवीस तासांत पाठाची तयारी करायची, निबंध आणि चाचण्या तपासायच्या, मुलांच्या शंका सोडवायच्या, परीक्षेचे आणि प्रवेशाचे काम पाहायचे, ग्रंथालयासाठी पुस्तके निवडायची, स्वतःचे वाचन आणि संशोधन करायचे, असे गृहीत धरलेले आहे. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात हे चोवीस तास अनेकांत विभागले जातात. आमच्यासारख्या ठिकाणी, जेथे एका विषयाला एकच अध्यापक असतो आणि विभागप्रमुखापासून विभागाच्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्यापर्यंत सारे तोच असतो, तेथे महाविद्यालय खऱ्या अर्थाने चालते ते या चोवीस तासांवरच.

तासिका तत्त्वावरील नेमणुकीत ते नसतात. एका रिक्त पदाचा कार्यभार दोघांत वाटला जातो, घेतलेल्या तासांची नोंद होते आणि तेवढ्याचेच मानधन निघते. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्याकडे ११ मंजूर पदांपैकी ५ भरलेली होती. उरलेल्या ६ पदांचे वर्गातले तास तासिकेवर भागवले जात होते आणि कागदोपत्री कोणतेही वर्ग रिकामे नव्हते. मात्र ६ पदांचे प्रत्येकी २४ म्हणजे आठवड्याला १४४ तासांचे काम ज्यांच्या नावावर असायला हवे होते, असे कोणीच नव्हते. ते काम होतच नव्हते असे मात्र नाही. त्यातले काही आम्ही पाच जण ओढत होतो आणि बरेचसे तासिकेवर शिकवायला येणारी मुले-मुली विनामोबदला करत होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात मुलींबरोबर मुक्कामाला कोणी राहायचे, हा प्रश्न दरवर्षी येई. दरवर्षी तासिकेवरची एखादी अध्यापिका राही आणि त्या सात दिवसांत तिचे तास न झाल्यामुळे तिचेच मानधन कापले जाई. तो कापलेला हिशेब मीच तपासून वर पाठवत होते.

एवढे पात्र लोक या अटींवर का येतात, असे कोणी विचारील. कायम पदांची वाट पाहात येतात, हे त्याचे उत्तर आहे. मे २०१७ मध्ये राज्यात पदभरतीवर निर्बंध आले. २०१८ मध्ये ३५८० पदे भरण्यास परवानगी मिळाली. ती प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच करोनाची साथ आणि त्यापाठोपाठ काटकसरीचे आदेश आले. त्यातून राहिलेल्या २०८८ पदांचा विषय २०२१ मध्ये पुन्हा वर आला. या सगळ्या काळात दर जूनला तीच माणसे त्याच जाहिरातीला उत्तर देत राहिली. ती दरवर्षी मुलाखत देत, दरवर्षी तीच मूळ कागदपत्रे दाखवत आणि मंजुरीचे पत्र येईपर्यंत सप्टेंबर उजाडला तरी जुलैपासून शिकवत. अनुभवाचे फळ त्यांना पुढे मिळेल म्हणावे, तर तेथेही तासाचाच हिशेब आडवा येतो. २०१८ च्या विनियमांतील प्राथमिक निवडीच्या तक्त्यात अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २ गुण आहेत, पण वर्ष अपुरे असेल तर गुणही त्या प्रमाणात कमी होतात. आणि पुढे कायम झाल्यावर बढतीसाठी मागील सेवा धरताना अतिथी अध्यापक म्हणून, म्हणजे तासांच्या हिशेबाने, केलेली वर्षे धरली जात नाहीत. दहा वर्षे शिकवलेल्या माणसाच्या खात्यावर दहा वर्षे दिसत नाहीत, ती अशी.

आयोगाचे म्हणणे याहून बरेच उदार आहे, हे नोंदवणे न्यायाचे होईल. कंत्राटी नेमणुका अगदी आवश्यक असतील तरच कराव्यात, त्या एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत आणि अशा अध्यापकाचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी असू नये, असे विनियमांत लिहिलेले आहे. अतिथी अध्यापकासाठी जानेवारी २०१९ पासून दर व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये, असा दरही आयोगाने ठरवून दिला आहे. राज्याचा तासिकेचा दर मध्यंतरी वाढूनही त्याच्या बरोबरीला आलेला नाही. 'तासिका' हा शब्द 'कंत्राटी'हून वेगळा असल्यामुळे १० टक्क्यांची मर्यादा आपल्याला लागूच नाही, असे मानण्याची सोय सर्वांनीच करून घेतलेली आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नव्या विनियमांच्या मसुद्यात तर ही मर्यादाच दिसत नव्हती.

प्राचार्यपदाचीही गोष्ट थोडक्यात सांगते. या पदासाठी पीएच.डी., अध्यापन, संशोधन वा प्रशासनाचा एकूण १५ वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त नियतकालिकांतील किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. ज्या महाविद्यालयात संशोधन केंद्र नाही, विषयात दुसरा सहकारी नाही आणि ग्रंथपालाचे पद रिक्त असल्यामुळे वाचनालयाचे दार कार्यालयातील लिपिक सवडीने उघडतो, तेथे हे दहा निबंध कसे तयार होत असतील याची कल्पना वाचकांनी करावी. पैसे भरले की पंधरा दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा याच अटीवर फोफावला. परिणामी लहान महाविद्यालये वर्षानुवर्षे 'प्रभारी' चालवतात. मीही त्यांतलीच एक होते, आणि प्रभारी माणूस पुढच्या वर्षाची योजना आखत नाही, आलेला दिवस निभावतो, हे अनुभवाने सांगते. शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापावे अशी चाचणी आहे. आमच्याकडे ते पद कधी भरलेच गेले नाही, त्यामुळे कोणाला धावावे लागले नाही.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळते, जिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आयोगाने महाविद्यालयांतून 'कम्युनिटी कॉलेज' ही योजना सुरू केली. परिसरातील उद्योगांना लागणारी कौशल्ये शिकवणारे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम जवळच्या महाविद्यालयातच असावेत, त्यांतला सुमारे ६० टक्के भाग प्रत्यक्ष कौशल्याचा असावा आणि तो त्या व्यवसायातल्या माणसांनी शिकवावा, असा तिचा उद्देश होता. आमच्या महाविद्यालयाने याच धर्तीवर काही वर्षे फळप्रक्रियेचा एक अभ्यासक्रम चालवला. कोकणात त्यासाठी शिक्षक शोधत दूर जावे लागत नाही. आमच्या गावाजवळच्या वाडीतील एक बाई पंचवीस वर्षे आमसुले, आगळ आणि काजूगराचे काम करत होत्या आणि बचत गटातल्या वीस-बावीस जणींना त्यांनी ते शिकवले होते. रातांब्याच्या सालींना रसाची पुटे किती द्यायची, मीठ केव्हा घालायचे, ढगाळ दिवशी वाळवण किती वेळ उघडे ठेवायचे आणि बुरशीचा पहिला ठिपका कसा ओळखायचा, हे त्या मुलांच्या हातांना शिकवत असत.

त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. म्हणून कागदोपत्री त्या शिक्षक नव्हत्या, 'साधन व्यक्ती' होत्या. त्यांचे मानधन साध्या पावतीवर निघे, हजेरीपटावर त्यांची सही चालत नसे आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यांनी मनाशी ठरवून मला तोंडी सांगितले की गुणपत्रकावर परीक्षक म्हणून सही मी करी. मला पुटांचे काहीही कळत नाही. अर्थशास्त्रात सेट उत्तीर्ण असल्यामुळे मी आमसुलांची परीक्षक झाले होते. एकदा एका विद्यार्थ्याने गुण कमी का, असे मला विचारले तेव्हा मी त्याला त्या बाईंकडेच पाठवले. त्यांनी त्याच्या बरणीचे झाकण उघडून नुसता वास घ्यायला लावला आणि प्रश्न तेथेच मिटला.

आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद निर्माण केले आणि त्यासाठी औपचारिक पदवीची अट काढून टाकली, ही बाब स्वागतार्ह आहे. पण त्यात किमान १५ वर्षांचा अनुभव 'प्राधान्याने वरिष्ठ पातळीवरील' असावा अशी अपेक्षा आहे, ही पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच असू शकतात आणि मुदत सर्व मिळून ४ वर्षांहून अधिक असू शकत नाही. ही तरतूद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर निवृत्त सनदी अधिकारी किंवा कंपनीचे संचालक असावेत, वाडीतल्या बाई नसाव्यात. वरिष्ठ पातळी म्हणजे काय, हे आमसुलांच्या बाबतीत कोण ठरवणार?

'कम्युनिटी कॉलेज' हे नाव आपण अमेरिकेतून घेतले. तेथे या जातीचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये निघाले. नाव घेतले तसा तेथला एक व्यवहारही घ्यायला हरकत नव्हती. कॅलिफोर्नियात या महाविद्यालयांच्या अध्यापकांसाठी विषयवार किमान पात्रतेची यादी आहे. इतिहास, गणित यांसारख्या विषयांना पदव्युत्तर पदवी लागते; पण ज्या व्यावसायिक विषयांत तशी पदवी सहसा अपेक्षित नसते, तेथे पदवी आणि २ वर्षांचा व्यावसायिक अनुभव, किंवा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सहयोगी पदवी आणि ६ वर्षांचा अनुभव चालतो. अनुभव हा पात्रतेचाच भाग धरल्यामुळे असा माणूस पाहुणा राहात नाही, रीतसर अध्यापक होतो. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. अध्यापनाचे ७५ टक्के तास पूर्णवेळ अध्यापकांनी घ्यावेत असे उद्दिष्ट त्या राज्याच्या १९८८ च्या कायद्याने ठेवले होते आणि ते अजून गाठता आलेले नाही. दोन-तीन महाविद्यालयांत गाडीने फिरत तास घेणारे अर्धवेळ अध्यापक तेथेही आहेत. परंतु निदान उद्दिष्टाचा आकडा कायद्यात असल्यामुळे आपण किती मागे आहोत हे तेथे दरवर्षी मोजता येते.

आपल्याकडे हा प्रश्न आताच तातडीचा का झाला, तेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी श्रेयांक (क्रेडिट) रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. मुख्य आणि दुय्यम विषयांबरोबर कौशल्याचे, मूल्यशिक्षणाचे अभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण हे सारे आता पदवीचे घटक आहेत. यांतले बरेचसे काम वर्गाबाहेरचे आहे. विद्यार्थ्याला एखाद्या काजू कारखान्यात किंवा पतसंस्थेत प्रशिक्षणाला पाठवायचे, तर त्या मालकाशी आधी बोलावे लागते, मधून जाऊन पाहावे लागते, अहवाल वाचून दुरुस्त करावा लागतो. त्याची मोजणी घंटेवर होत नाही. म्हणजे धोरणाने चोवीस तासांतले काम वाढवले आणि भरतीच्या पद्धतीने चोवीस तास असलेली माणसे कमी केली. कौशल्याचे नवे अभ्यासक्रम कोणी शिकवायचे, याचे लहान महाविद्यालयांतले उत्तर तर 'ज्याचे तास कमी पडतात त्याने' असे आहे. माझ्या एका माजी सहकाऱ्याने अशा रीतीने गेल्या वर्षी छायाचित्रणाचा अभ्यासक्रम शिकवला. ते संस्कृतचे आहेत आणि मोबाइलशिवाय दुसरा कॅमेरा त्यांनी हाताळलेला नाही.

यावर उपाय म्हणून सर्व रिक्त पदे एकदम भरा, अशी मागणी प्राध्यापक संघटना करत आल्या आहेत आणि ती रास्तच आहे. मला त्याखेरीज लहान महाविद्यालयांपुरते काही वेगळे सुचवायचे आहे. पदांची संख्या केवळ विद्यार्थिसंख्या आणि कार्यभार यांवरून ठरवली, तर लहान महाविद्यालय नेहमीच हरते, कारण दोनशे मुलांना ग्रंथपाल अर्धा लागत नाही, पूर्ण एक लागतो. म्हणून पदवीला शिकवल्या जाणाऱ्या प्रत्येक मुख्य विषयासाठी किमान एक नियमित अध्यापक आणि महाविद्यालयासाठी एक ग्रंथपाल, एवढा पाया कार्यभार न पाहता मंजूर व्हावा. ज्या पदांवर नियमित नेमणूक लगेच शक्य नाही, तेथे दोघांना अर्धे-अर्धे तास वाटण्याऐवजी एकालाच संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी एकत्रित वेतनावर नेमावे आणि त्याच्या आदेशात ४० तासांची कर्तव्ये लिहावीत. दुसऱ्याची संधी जाईल हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो मला टोचतोही, पण दोन अर्धपोटी माणसांकडून एका पूर्ण माणसाचे काम काढणे ही संधी नव्हे. व्यावसायिक विषयांसाठी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी अनुभवावर आधारलेली स्वतंत्र पात्रता ठरवावी आणि ती पूर्ण करणाऱ्याला गुणपत्रकावर सही करण्याचा अधिकार द्यावा.

या सगळ्याला पैसे लागतील, हे अर्थशास्त्राच्या अध्यापिकेला कोणी सांगायची गरज नाही. पण काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. नेमणुकीचे पत्र सत्राच्या पहिल्या दिवशी हातात पडावे. त्याच महाविद्यालयात गेल्या वर्षी शिकवलेल्या व्यक्तीची पुन्हा मुलाखत घेण्याऐवजी कामाचा अहवाल पाहून मुदत वाढवावी. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर तासांबरोबर केलेल्या इतर कामांचीही नोंद असावी. यासाठी कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकाला हात लावावा लागणार नाही.

आमच्याकडे तासिकेवरील अध्यापकांची सही हजेरीपटावर होत नसे; त्यांच्यासाठी दिनांक, वर्ग, विषय आणि वेळ अशा चार रकान्यांची वेगळी वही होती. निवृत्त होण्याच्या आदल्या महिन्यात मी त्या वहीत हाताने पाचवा रकाना आखला आणि वर 'तासाबाहेरचे काम' असे लिहिले. ती वही अजून तशीच आखली जाते आणि तो रकाना नियमाने भरला जातो, असे तेथले सहकारी सांगतात. त्याची महिनाअखेरची बेरीज करून ती कोणाकडे पाठवायची, हे मात्र मी असतानाही ठरले नव्हते आणि अजून ठरलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
जि. सिंधुदुर्ग